काचेवर नेचे

रावपुऱ्यात, टॉवरच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर
आमची लॅब. सव्वीस वर्षं झाली,
मी बायकांचं पांढरं बघते.

चिठ्ठीवर डॉक्टरचं अक्षर असतं.
तोंडी मात्र प्रत्येकीचं निराळं:
‘बेन, पाणी पडे छे.’
‘अंगावरून जातंय हो, थोडंसंच.’
कॉलेजातली एक आली, तिच्यापाशी शब्दच नव्हता.
फोनमधला फोटो माझ्यापुढे धरला
आणि स्वतः भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिली.

मीठपाण्याचा थेंब, वर काचेची चकती,
आणि खाली अख्खं गाव.
काड्याकाड्यांचे ते आपले, राखणदार,
त्यांच्यामुळे तिथला ताकासारखा आंबटपणा. असू द्यावेत.
दह्याच्या कवड्या पडाव्यात तसं, आणि खाज, तर फांद्या फुटलेली बुरशी.
राखाडी, पातळ, मासळीचा वास,
तर पेशींच्या कडा रवाळ, साखर सांडल्यागत.
आणि एखाद्या हिरवट फेसात कुणी शेपटीवाला
वळवळत भिंगाखालून निघून जातो.
तेव्हा मी बाईला जिन्यात गाठून सांगते,
गोळ्या दोघांनी घ्यायच्या असतात. एकटीने नाही.

पुष्कळदा काहीच नसतं.
नुसतं महिन्याचं हवामान.
‘नॉर्मल आहे’ म्हटलं की काही जणी रडतात.
त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, हाडं विरघळून जातात म्हणून.

मलाही सांगितलं होतं. आईनेच, चौदाव्या वर्षी.
तांदळाचं धुवण, त्यात खडीसाखर, अनशापोटी.
‘जप हो. हाडातलं जातंय.’
कितीतरी वर्षं मी निजताना मनगट दाबून बघायची,
किती उरलंय.

मग एका रविवारी, लॅब बंद, पाळीचा तेरावा दिवस.
अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार, दोन बोटांत ताणली तरी तुटेना.
काचेवर पसरली. पंखा बंद केला. सुकू दिली.
भिंगाखाली नेचे.
नेच्यांचं रान. देठाला पान, पानाला पान, त्यालाही पान,
कमाटीबागेतल्या माळ्याला जमणार नाही असं
आणि कुणी न लावलेलं.
चार दिवसांनी पुन्हा पाहिलं तर रान गेलेलं.
काचेवर नुसते ठिपके.

हे हाडातलं नव्हतं.
पण सांगणार कुणाला? आईला?
गवार मोडता मोडता?

यंदा मार्चात गच्चीच्या दोरीवर तिचा परकर,
उलटा घातलेला, वरून टॉवेल.
वाऱ्याने टॉवेल सरकला.
डाग निघाला नव्हता. तपकिरी, रुपयाएवढा.
तिची पाळी जाऊन अकरा वर्षं झालीत.

सव्वीस वर्षं परक्यांच्या काचा.
आणि हा माझ्याच दोरीवर, किती धुण्यांपासून कुणास ठाऊक.

‘उष्णतेचं असेल,’ ती म्हणाली. ‘गूळ जास्त झाला.’
थांबल्यावर परत आलं तर ते गुळाचं नसतं, आई.
बहुतेकदा साधंच निघतं. तरी बघायचं असतं.
लगेच बघायचं असतं.
‘तिथे म्हणायचं काय?’ तिने विचारलं.
‘म्हणजे, कुठल्या शब्दात?’

रिक्षात मी तिला नेच्यांचं सांगितलं.
सूरसागरला वळसा घालेपर्यंत ती गप्प होती.
मग म्हणाली, ‘माझ्यातही होते?’
होते. दर महिन्याला.
‘चाळीस वर्षं,’ ती म्हणाली,
आणि पर्सची चेन उघडून पुन्हा लावली.

डॉक्टर जिज्ञासाबेननी चष्मा वर केला.
‘बोलो, कुमुदबेन.’
आईने माझ्याकडे पाहिलं, मग पाहिलं नाही.
भाजीवालीशी बोलते त्याच गुजरातीत
म्हणाली, ‘लोही पडे छे. त्रण वखत.’
आवाज जरा मोठाच लागला.
बाहेर बाकावरच्या बायका एकदम गप्प झाल्या.

मी दार लोटायला उठले.
‘राहू दे,’ आई म्हणाली.